कूलरच्या गवतावरचं मीठ

दार ढकलून आत पाय टाकला आणि मला वाटलं, मी चुकून कोणाच्या न्हाणीघरात शिरले. अशी वाफ. भर दुपार, सगळ्या खिडक्या बंद, कोपऱ्यात एक निळा कूलर घरघरत होता, आणि त्याचा वारा म्हणजे भाताच्या टोपावरचं झाकण काढल्यावर तोंडावर येतं ते. खाटेवर कोणीतरी म्हातारा निजला होता. हाडांवर नुसतं कातडं.

"हा कोण गो?" मी सुरेखाला विचारलं.

"आत्या, काय बोलता? बाबा हायेत."

बाबा म्हणजे तिचा सासरा. म्हणजे माझा पाठचा भाऊ, नामा. मी त्याला ओळखलं नाही. थंडीत त्याला लकवा मारला तेव्हा पेणच्या दवाखान्यात बघून आले होते, तेव्हा माणूस होता. आता रोह्याहून गाडीने कासूला उतरले, पुढे रिक्षाने खाडीकडच्या माहेरच्या गावी आले, पिशवीत त्याच्या आवडीचे कडवे वाल आणले, आणि हे बघितलं. मी पिशवी खाली ठेवायची विसरले. तशीच हातात धरून उभी राहिले.

लकव्यात त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिलाय. नको. भूक लागली तरी नको, लघवीला लागली तरी नको. सुरेखाला त्यातला कुठला नको कसला, ते कळतं. पण खरी अडचण वेगळी आहे. उजव्या अंगाला आता घाम फुटत नाही. अंग तापलं की तापूनच राहतं. मागच्या महिन्यात असा तापला की त्याने डोळे फिरवले, रिक्षात घालून पेणला न्यावा लागला. डॉक्टरने विलासला, म्हणजे माझ्या भाच्याला, स्पष्ट सांगितलं, खोली थंड ठेवा, पुन्हा असा तापला तर हातचा जाईल. विलास एसी घेणार होता. वायरमन येऊन बघून गेला आणि म्हणाला, तुमच्या आळीच्या लाइनीवर संध्याकाळी पंखा रांगतो, एसी कुठला चालायला. म्हणून हा कूलर.

"खिडक्या का बंद केल्यात?"

"थंड बाहेर जाईल ना, आत्या. तुमच्या रोह्याला एसी लावल्यावर बंद करता तसंच."

माझ्या मुलाकडे एसी आहे हे खरं. फट राहिली तर सून ओरडते. त्यात झोपलं की माझे सांधे धरतात, तरी मी झोपते, खोटं कशाला बोलू. पण हे यंत्र पाण्यावर चालतं. पाणी मरतं, म्हणजे वाऱ्यावर उडून जातं, तेव्हा गारवा देतं, आणि कोंडलेल्या खोलीत पाणी मरणार कुठे? मी जाऊन दोन्ही खिडक्या उघडल्या. बरं वाटेल असं वाटलं होतं, पण फार फरक पडला नाही. म्हणून मी कूलरच्या मागे गेले.

मागे जाळी असते, तिच्यात गवत भरलेलं असतं. ते गवत पांढरं होतं. आधी वाटलं बुरशी. बोट लावलं तर खडा निखळून फरशीवर पडला, टक् असा आवाज झाला. तिन्ही बाजूंचं गवत असंच, काडीला काडी चिकटून भिंत झालेली. त्यातून वारा जाणार कुठून?

मीठ. आमचं मीठ. नामाच्या खोलीत, यंत्राच्या पोटात पिकलेलं.

मी जमिनीवर बसलेच.

आमचा बाप मिठागरावर कामाला होता. दिवाळीनंतर पाणी-पाऊस सरला की आम्ही सगळेच गावातून उठून खाडीच्या बांधावर राहायला जायचो, ते वळवाचे ढग दिसेपर्यंत. बांधावर ओळीने पाच खोपी. पुढे खाऱ्या पाण्याचे वाफेच वाफे, आरशासारखे. फाल्गुनात त्यांच्यावर मिठाची साय धरायची, आणि बाप लांब दांड्याच्या फळीने ती ओढायचा. तो आवाज मला आजही ओळखता येईल, खरवडून उरलेला भात काढताना येतो तसा, पण लांब, बांधभर चाललेला. चिखलाचा वास. वाळत घातलेल्या जवळ्याचा वास. पांढऱ्या उजेडाने डोळ्यांच्या कडा सोलून निघायच्या, म्हणून आई आमच्या पापण्यांना खोबरेल लावायची. चपला नव्हत्या. पायाला भेगा पडल्या की मीठ आत शिरायचं, आणि आम्ही उंबरठ्यावर बसून एकमेकांना शिव्या द्यायचो.

पंखा काय तो आम्हाला माहीत नव्हता. खोपीच्या भिंती झापाच्या, म्हणजे झावळ्या विणून केलेल्या. ऊन डोक्यावर आलं की आई वाफ्यातलं खारं पाणी डब्याने त्या झापांवर मारायची, वारा ज्या अंगाने यायचा त्या अंगाला. समोरची बाजू उघडी. सकाळपासून दुपारपर्यंत वारा जमिनीकडून यायचा, कोरडा, तो ओल्या झापातून आत आला की असा गार लागायचा की नामा उघड्या पोटावर त्याला घेत भिंतीला चिकटून उभा राहायचा. दुपार कलली की वारा फिरायचा. खाडीचा वारा आधीच ओला, त्याच्यापुढे झाप भिजवा नाहीतर डोकं भिजवा, काही नाही. तेव्हा आई डबा ठेवायची आणि म्हणायची, आता घामावर भागवा. संध्याकाळी ती काठीने झाप झोडायची. पांढरा भुगा खाली पडायचा. तो कोणी गोळा करत नसे. बाहेर ढीगच्या ढीग होते.

झाप झोडता येतो. गवत असं झोडता येत नाही, आणि मडकं तर नाहीच नाही. मडक्याचं शास्त्र वेगळं होतं. पिण्याचं पाणी गावातल्या विहिरीवरून यायचं, आईच्या डोक्यावर. ते मडकं तीन काठ्यांच्या तिवईला टांगलेलं, भोवती गोणपाट, आणि गोणपाटाला ओलं ठेवायचं ते गोड्या पाण्याने, ओंजळीने, जपून. नामा पाच-एक वर्षांचा असताना त्याने आईचं काम वाचवायला म्हणून गोणपाटावर वाफ्यातलं पाणी ओतलं. रोज ओतलं. कोणाला कळलं नाही. मग मडक्याला घाम यायचा थांबला. बाप भर उन्हातून आला, घोट घेतला, आणि तो घोट त्याने तोंडात तसाच धरला. कोमट होता. त्याने मडक्यावरून हात फिरवला, हाताला पांढरं लागलं.

"आंधलं झालं," बाप म्हणाला. "मडकं आंधलं झालं."

मारलं नाही. मारलं असतं तर बरं. पाणी दुसऱ्या भांड्यांत काढून त्याने मडकं बांधापलीकडे ठेवून दिलं, मेलेल्याला ठेवतात तसं हलक्या हाताने. नामा दिवसभर त्याच्यापाशी बसून होता.

हे सगळं त्या फरशीवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढून गेलं. मग मला राग आला. मी उठले.

"सुरेखा, कूलरमध्ये कुठलं पाणी घालतेस?"

"बोअरचं."

"बोअरचं पाणी खारट. लहान पोराला कळतं. खाऱ्या पाण्याने हे गवत गच्च झालंय, आणि तू याला वाफेवर शिजवतेस. गोडं पाणी काय केलंस?"

 मी मागच्या पडवीत गेले. तिथे निळा ड्रम, झाकणाला साखळी आणि साखळीला कुलूप. पाण्याला कुलूप मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला खरंच धक्का बसला. मिठागरावर मडक्याला कोणी झाकणसुद्धा पक्कं लावत नसे.

"कुलूप?" मी म्हटलं. "घरात माणूस मरतंय आणि पाण्याला कुलूप?"

आता ती भडकली. "मंग काय करू? नल तीन दिवसांनी येतो. शेजारचे उचलतात हंडा. मी पन उचललाय त्यांचा एकदा, खोटं नाय बोलत. तुमच्या रोह्याला नदी हाय आत्या, चावी फिरवली की पानी. इथं या आनि चार दिस र्‍हा, मंग शिकवा."

"शिकवीन. दे चावी."

"देते. घाला गोडं पानी. घाला तुम्हीच. आनि बघा काय व्हतं."

तिने कमरेची चावी काढून माझ्या हातात आपटली. मी कळशी भरली, खोलीत आणली, कूलरची टाकी उघडली. नामाचा डोळा उघडा होता. त्याने कळशी पाहिली. बोअरचं पाणी बादलीत असतं आणि पिण्याचं कळशीत, हे त्याला कळत होतं.

"नको," तो म्हणाला.

"गप."

"नको. नको. नको." डावा हात खाटेच्या पट्टीवर आपटायला लागला. तोंड लाल. मानेच्या शिरा वर आल्या. मी ओतायला वाकले तर त्याने पेला उचलून मला मारला. लागला नाही, पण मारला. माझ्या पाठच्या भावाने, ज्याला मी कडेवर वागवला. श्वास असा चढला की सुरेखा धावत आली आणि कळशी माझ्या हातातून काढून बाहेर घेऊन गेली. तेव्हा कुठे तो थांबला. अंगाला हात लावला तर चुलीच्या वैलासारखं गरम.

पडवीत सुरेखा कळशी धरून उभी होती. "रोज असंच व्हतं," ती म्हणाली. "पयल्या दिवशी मी गोडंच घातलेलं. मला अक्कल नाय असं वाटलं तुम्हाला. मी हंडे आनते ते खिडकीतनं बघतात आनि त्या हातानं पट्टीवर मोजतात. गोडं पानी घातलं तर असे तापतात, खारं घातलं तर तसे. मी काय करू सांगा."

 मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिले. कारण मला कळलं होतं, आणि ते कळल्यावर आणखी मोठा धक्का बसला.

नामा सात-आठ वर्षांचा असेल. चैत्राचे दिवस. बांधावर खेळता खेळता त्याला ऊन लागलं. डोळे पांढरे, दातखीळ. आईने अंगावरचं लुगडं सोडून, नुसतं जुनेर गुंडाळून, त्याला लुगड्यात गुंडाळला आणि घरातलं होतं तेवढं पाणी त्याच्यावर ओतलं. खारं पाणी ओतायचं नाही, कातडी फाटते. बापाने वारा घातला, फळीने. पाणी तर संपलं. तेव्हा आमच्याकडे रीत होती, ती कोणी सांगायला लागत नसे. शेजारच्या खोपीतून बाई आली, हातात तांब्या. डोक्यापासून पायापर्यंत एक धार सोडली आणि न बोलता परत गेली. मग दुसरी. मग तिसरी. पाचही खोपींतलं पाणी माझ्या भावाच्या अंगावरून वाऱ्यावर गेलं. त्या संध्याकाळी बांधावर एकाही चुलीवर भात शिजला नाही. सगळ्यांनी कोरडे पोहे आणि भाजलेलं सुकट खाल्लं आणि तहानेले झोपले. नामा उठून बसला, भूक लागली म्हणाला.

त्यानंतर त्याचं नावच तांब्या पडलं. बायकांची गंमत. "काय रे तांब्या, माझा तांब्या कवा देतंस?" "याला वरात नको, याला आमची कलशी द्या." त्याच्या हळदीत एका म्हातारीने सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यावर तांब्या ओतला आणि म्हणाली, "पिला होतास ना आमचं पानी, आता तुझ्या बायकोकडनं काढू." सगळे हसले. मी पोट धरून हसले. तोही हसला. मोठा झाल्यावर त्याच घरांच्या पखाली त्याने बिनबोलता वाहिल्या, लग्नांत, मर्तिकांत. आम्हाला वाटायचं, कामसू आहे. त्याने ती थट्टा मनात अशी ठेवली असेल हे मला सत्तर वर्षांत कळलं नाही. स्वतःच्या अंगासाठी दुसऱ्या बाईच्या डोक्यावरचं गोडं पाणी त्याला पुन्हा नको आहे. एकच शब्द उरलाय आणि तो त्यावर खर्च करतोय.

ती मिठागरं आता नाहीत. येताना रिक्षातून बघितलं. बांध फुटलेत, सगळीकडे खारफुटी, हिरवीगार, बगळे बसलेत. लोक म्हणतात छान दिसतं. दिसतं. पाच खोपींच्या जागी काय आहे ते मला सांगता आलं नाही. मी बघत राहिले आणि रिक्षा पुढे गेली.

संध्याकाळी विलास धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आला. मी त्याला गवत दाखवलं. तो कंपनीत मोठमोठ्या टाक्यांवर काम करतो, पण हे त्याने मागून कधी बघितलं नव्हतं. "च्यायला," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून जीभ चावली. तसाच गाडीवर पेणला गेला आणि नवीन गवत घेऊन आला, वाळ्याचं. जाळीत भरताना खोलीभर वास सुटला. नामाने नाक वर केलं.

गवत नवीन झालं, खिडक्या उघड्या झाल्या, पण पाण्याचं तेच. बोअरचं घातलं तर हे गवतही थोड्याच दिवसांत आंधळं होणार. रात्रभर मी आणि सुरेखा आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. सकाळी ऊन चढायला लागलं तसं त्याचं कपाळ पुन्हा तापायला लागलं. कोरडं कपाळ. घामाचा एक थेंब नाही.

सुरेखा मला पडवीत घेऊन गेली. "मी बादलीत गोडं पानी घेते," ती म्हणाली. "बोअरची बादली. सांगते बोअरचंच हाय."

"वेडी आहेस काय? तो चाखून बघेल."

मला माहीत होतं. मिठागरावरचा माणूस पाणी बघत नाही, चाखतो. बाप करंगळी बुडवून सांगायचा, अजून दोन दिवस, नाहीतर आज ओढा. आणि बापापेक्षा नामाची जीभ बरी होती. मुकादम त्याला दुसऱ्यांच्या वाफ्यांवर बोलावून न्यायचा. त्या जिभेला फसवायचं?

"बघू द्या," सुरेखा म्हणाली.

"आणि भडकला तर? काल काय झालं बघितलंस. या उन्हात असा भडकला तर जाईल."

"आत्या, मला करू द्या."

तिने बादली भरली. लाल, कान तुटलेली बादली, बोअरची. खोलीत नेली. मी दारात उभी राहिले, माझ्याने आत जाववेना. नामाने बादलीकडे पाहिलं, मग सुरेखाकडे.

"बोअरचं हाय, बाबा," ती म्हणाली.

त्याचा विश्वास बसला नाही. बसणारच नव्हता. त्याने डावा हात पुढे केला, बोट वाकवून, इकडे आण. सुरेखाने बादली खाटेपाशी नेली. न घाबरता नेली. त्याने करंगळी बुडवली. तोंडात घातली. डोळे मिटले, आमचा बाप मिटायचा तसे. मी देवाचं नाव घेत नाही, पण तेव्हा श्वास धरून ठेवला.

त्याने डोळे उघडले आणि मान हलवली. हो म्हणून. बरोबर आहे म्हणून. खारं आहे म्हणून. हाताने खूण केली, घाल.

सुरेखाने पाणी टाकीत ओतलं, बटण दाबलं. गवत भिजलं. वारा जमिनीकडचा होता अजून, कोरडा, खिडकीतून येऊन कूलरमागे घुसत होता. थोड्या वेळाने तो नामाच्या छातीवर आला, आणि त्याने सदऱ्याची बटणं सोडायला एका हाताने धडपड केली. मी जाऊन सोडली. त्याने उघडं पोट वाऱ्याकडे केलं. मग झोपला. कपाळाला हात लावला. उतरत होतं.

मी बाहेर आले. सुरेखा भांडी घासत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तिने मान वर केली नाही. "दवाखान्यातनं आनल्यावर एक दिस आमटीत मीठ घालायची विसरले. गुमान जेवले. दुसर्‍या दिवशी मुद्दाम दुप्पट घातलं. ते पन जेवले. मंग मी कोनाला नाय सांगितलं. ह्यांना पन नाय. मिठाचा मानूस, आत्या. त्यांना सवताला कलतंय का नाय, ते मला ठाव नाय. तुम्ही पन बोलू नका."

"नाय बोलत," मी म्हटलं. किती वर्षांनी माझ्या तोंडून नाय आलं.

तिने टोप पालथा घातला आणि रिकामी कळशी घेऊन नळाकडे गेली. आज नळाचा दिवस होता. मी आत जाऊन नामाच्या खाटेशी बसले. वाळ्याचा वास होता, खोली गार होती, बाहेरपेक्षा कितीतरी गार, आणि मला घाम फुटला होता. पदराने पुसला, तरी फुटतच होता.